चुलवाणला मिळालेली पहिली दाद

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तालमीतल्या मित्रांना तर नाहीच — त्यांना सांगायचं म्हणजे स्पीकर लावून गावभर रिक्षा फिरवण्यासारखं. तुम्हाला सांगतोय. निदान तुम्ही समोर बसलेले नाही, आणि वाचताना तुमचं तोंड कसं होतंय ते मला बघावं लागणार नाही.

पण आधी चुलवाणबद्दल बोलू. त्यांच्याबद्दल बोलायला मला आवडतं, आणि खरं सांगायचं तर पुढचं जितकं लांबेल तितकं बरं.

चुलवाण तुम्हाला माहीत आहेच. देशातला सगळ्यात मोठा रॉक बँड, चार पोरं, आणि चारही आमच्या कोल्हापूरची. दिल्लीतली कॉलेजची मुलं छातीवर मोठ्या अक्षरात ‘चुलवाण’ लिहिलेले टी-शर्ट घालून फिरतात. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायच्या काहिलीखाली जे पेटवतात ते चुलवाण, हे त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? एकानं मला तो सह्याद्रीतला किल्ला आहे असं ठासून सांगितलं होतं. मी त्याला दुरुस्त केलं नाही. एवढा आनंदात होता बिचारा.

बाहेरगावी चुलवाणचे चाहते असतात. कोल्हापुरात चाहता कोणी नाही, कारण चाहता परका असतो. इथं सगळे घरचे. गायक सुहासनं पहिली गिटार आपल्याच टपरीला टेकवून ठेवली होती असं सांगणारे पानवाले मला तीन ठिकाणी भेटले आहेत. नवीन गाणं आलं की अख्खं गाव तांबडा रस्सा चाखल्यासारखं चाखून निकाल देतं — “पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाय आता.” हे म्हणणाऱ्यानं पहिलं कधी ऐकलेलं असतं का? मुळीच नाही. पण पुण्याच्या माणसानं चुलवाणला नावं ठेवून बघावं. त्याला मिसळ मिळेल, पण तर्री मिळणार नाही.

आणि तो पहिला कार्यक्रम! चौदा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या गणपतीत झाला. मांडवात माणसं किती, तर साठ. त्यातली काही पावसाची म्हणून आडोशाला आलेली. आज विचारा — निम्मं कोल्हापूर त्या मांडवात होतं. आमच्या गल्लीत एवढी माणसं मावली असती तर शेजारच्या तालमीबरोबर आमचं जागेवरनं भांडणच झालं नसतं.

त्या संध्याकाळची गोष्ट सुहास प्रत्येक मुलाखतीत सांगतो, देशाला ती पाठ आहे. पोरं स्वतःची गाणी वाजवायला लागली. लोकांना सिनेमातली गाणी हवी होती. आधी चुळबुळ, मग शिट्ट्या, मग आरडाओरडा. निवेदकानं माईक घेतला आणि म्हणाला, “पावणं, गाणं म्हणताय का म्हशी हाकताय?” मांडव हसला. पोरांनी वायरी काढायला घेतल्या. आणि तेवढ्यात समोरच्या अंधारातून एक दणदणीत आवाज आला — “आनी एक हुं दे!” टाळ्या एकाच माणसाच्या. पण थांबेनात. पोरांनी पुन्हा वायरी जोडल्या आणि आणखी एक गाणं वाजवलं. सुहास म्हणतो, तो आवाज आला नसता तर आज आम्ही चौघं कुठंतरी नोकरीला असतो. डोळ्यांवर दिवे होते, ते माणूस काही दिसलं नाही.

तेव्हापासून चुलवाणच्या कार्यक्रमात ‘वन्स मोअर’ कोणी म्हणत नाही. गुवाहाटी असो की कोची, हजारो लोक जमेल तशा उच्चारात ओरडतात — आनी एक हुं दे! मी ते मोबाइलवर बघतो. अंगावर काटा येतो. कुठली कोण माणसं, आणि ओरडतात आमच्याकडचं!

ते माणूस कोण, हे आता कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. मी. बाळासाहेब, मोटर रिवायंडिंगवाले. वर्तमानपत्रात फोटो आलाय, दुकानात तो फ्रेम करून लावलाय, गिऱ्हाईकं त्याच्याबरोबर सेल्फी काढतात.

तर — तो मी नव्हे.

लिहिलं बुवा एकदाचं. पण एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. साठ माणसांतली एकोणसाठ आज ‘मीच टाळ्या वाजवल्या’ असं सांगतात, त्यात माझी एक थाप कोणाच्या डोळ्यावर येणार? मी त्या संध्याकाळी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण माझ्या हातात माईक होता. म्हशी हाकणारा विनोद माझा. तेव्हा मंडळाचं निवेदन मीच करायचो. आवाज गोड होता, लोक हसले की मला चढायची. लोक हसले — म्हणून मी पुढं आणखी दोन विनोद केले. ते सुहास सांगत नाही. विसरला असेल, किंवा त्याच्यात माझ्यापेक्षा सभ्यपणा जास्त असेल.

निवेदक कोण होता, असं कोणी विचारलं की मी सांगतो, सांगलीहून आणला होता. सांगलीचा म्हटल्यावर कोल्हापुरात पुढं कोणी विचारत नाही. आणि जे त्या दिवशी मांडवात होते ते मला उघडं पाडणार नाहीत. मीही त्यांच्या शिट्ट्या ऐकल्या होत्या ना! आम्ही सगळे एकमेकांना इतकं सांभाळून घेतो की आमच्या गल्लीत एवढी एकी कधी नव्हती.

मग त्या दिवशी उठून ओरडलं कोण होतं?

माझी अक्का. शांताक्का, माझी थोरली बहीण. लग्न होऊन कबनूरला गेली आणि तीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरत बसली. शेडमध्ये एकदम चोवीस माग चालतात. तिचे कान तिथंच गेले, आणि आवाज तिथंच कमावला गेला. फोनवर लोक तिला ‘दादा’ म्हणतात. देवळातली भजनं, रेडिओवरची भावगीतं, काही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्या गणपतीला ती माहेरी आली होती, पहिल्या रांगेत बसली होती. कार्यक्रमानंतर घरी आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की मी तिला तसं लग्नातही पाहिलं नव्हतं. “बाळ्या, बारीक गाणं मला ऐकाय येत न्हाय रं. ह्या पोरांचं समदं ऐकाय आलं. पोटात ऐकाय आलं.”

मी काय म्हणालो? मी म्हणालो, लोकांसमोर असं ओरडतात होय, लाज काढलीस. ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

पुढं बँड मोठा झाला, ती आरोळी देशभर झाली. एक दिवस अक्काचा फोन आला. शेजारच्या पोरीनं तिला मोबाइलवर दाखवलं होतं, पडद्यावर अक्षरंही येत होती. ती इतकी आनंदात होती की बोलताना धाप लागत होती. “बाळ्या, ही माणसं माझ्यामागनं म्हनत्यात व्हय रं?” आणि मी — त्याच्या आदल्याच दिवशी मी केशकर्तनालयात तोंडाला साबण लावलेला असताना सगळ्यांसमोर ‘तो मीच’ म्हणून बसलो होतो. उगीच. शेजारच्या खुर्चीवरचा जरा जास्त बोलत होता म्हणून. मग मी अक्काला फोनवर ओरडून सांगितलं, “न्हाय गं, तसं सगळीकडंच म्हनत्यात. जुनं हाय ते.” “व्हय व्हय. आसंल,” म्हणाली. आणि तब्येत विचारली माझी.

एवढ्यात उरकलं मी. एका वाक्यात. तिनं आयुष्यात एकदा उभं राहून काही केलं होतं, ते मी काढून घेतलं आणि वर तिला पटवलं की ते तिचं नव्हतंच.

मग वर्तमानपत्रातली बाई दुकानात आली. मग खुद्द सुहासचा फोन. आणि गेल्या थंडीत बँडचा मोठा कार्यक्रम कोल्हापुरात ठरला, त्यात माझा सत्कार. अक्काला मी सांगितलं, आपल्या मंडळाचा सत्कार हाय. ती कबनूरहून नवी साडी नेसून आली. तिला आणि बायकोला पुढं बसवलं. मैदान गच्च भरलं होतं, मंचाच्या बाजूला भलामोठा पडदा लावला होता, आणि खरं सांगतो, काय वाजवलं पोरांनी! मागं म्हातारी माणसं नाचत होती. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक खांद्यावर नातू घेऊन उड्या मारत होते. मला माझा गुन्हा आठवत नव्हता. लाज नाही, भीती नाही, नुसता आनंद. तेही सांगायला हवं ना?

मग मला वर बोलावलं. फेटा, शाल, नारळ. सुहासनं मिठी मारली आणि माईकवर म्हणाला, तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय हो. मैदान हसलं. मी उगीचच फेटा सावरला. मग म्हणाला, बाळासाहेब, एकदा होऊन जाऊ दे, अगदी त्या दिवशीसारखं. मैदान गप्प झालं. मी माईकवर ओरडलो — आनी एक हुं दे.

निवेदकाचा आवाज तो. गोड. बारीक. सुहासच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं उतरलं. आणि तेवढ्यात खालून, माईकशिवाय, तो आवाज आला. चौदा वर्षांनी, तस्साच.

“आनी एक हुं दे!”

सुहासनं झटकन मान वळवली. अक्का उभी होती, दोन्ही हात वर. एका क्षणात सगळं मैदान तिच्यामागून ओरडायला लागलं. त्या गलक्यात सुहास माझ्याजवळ वाकला आणि विचारलं, “त्या कोण हो?”

काय सोपं होतं. दोन शब्द — माझी बहीण. त्यात तर मी खोटा ठरलोही नसतो. मी म्हणालो, “कुणास ठाऊक. मी न्हाय वळखत.”

हे आहे ते. बाकीचं सगळं मी कधीतरी हसत हसत सांगितलंही असतं.

कार्यक्रमानंतर अक्का गेटपाशी भेटली. भडंगाचा पुडा हातात, घशाची पार वाट लागलेली, आणि खूश. मी आपला विषय काढला, की तुला काही ऐकू आलं का, माईकवरचं वगैरे. “ऐकाय कुठलं येतंय? पर पडद्यावर समद्यांची तोंडं दिसत हुती की,” ती म्हणाली. मागांच्या आवाजात बायका एकमेकींशी बोलतात ते ओठांवरूनच. चोवीस माग चालू असताना शेडच्या त्या टोकाची बाई काय म्हणते ते अक्का तीस वर्षं वाचत आली होती. आणि त्या पडद्यावर माझं तोंड खोलीएवढं दिसत होतं.

तिनं मूठभर भडंग माझ्या हातावर ठेवलं. “त्या पोरानं काय इचारलं, तू काय सांगितलंस, समदं दिसलं,” ती म्हणाली. “तुझा आवाज पोचंना म्हनून मी दिला. पुढचा कार्यक्रम कुठं हाय ह्यांचा?”

पुण्यात, म्हणालो.

“मला न्हे.”

महिन्याभरानं मी तिला पुण्याला नेलं. पहिल्या गाण्यापासून ती उभी होती, बसायचं नाव नाही. तिच्या दोन्ही बाजूंना विशीतल्या पोरी, तिघी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून डोलत होत्या. मध्येच सुहासनं माईकवर माझं नाव पुकारलं — चुलवाणला पहिली दाद देणारे बाळासाहेब इथं आलेत, त्यांनी वर यावं. मी अक्काकडं बघितलं. तिनं माझी सत्काराची शाल खांद्यावर नीट केली आणि मला हळूच पुढं ढकललं.

आणि मी वर गेलो.