सवाशाची सुरी

मोठ्या साळ्याच्या, माझ्या बायकोच्या थोरल्या भावाच्या, मुलीचं लग्न झालं ते नवे पैसे सुरू झाले त्या उन्हाळ्यात. आमच्या झाडीपट्टीत मांडवाची पहिली डहाळी सवाशानं, म्हणजे घरच्या जावयानं तोडायची असते. सवासा मी होतो. साळ्यानं आपली सुरी माझ्या हाती दिली. वीतभर पातं, सागाची मूठ, सिंदेवाहीच्या बाजारातल्या लोहारानं मोटारीच्या जुन्या कमानीतून घडवलेली. जांभळाच्या दोन बोटं जाड फांदीवर मी तीन घाव घातले आणि धार पळसाच्या पानासारखी दुमडली.

बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडं भाटवे म्हणतात. साळा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "भाटवे, सुरी नाई वाकली. तुमचं मनगट वाकलं."

लोक हसले. माझे सासरेही हसले. फांदी शेवटी त्यांच्या गड्यानं कुऱ्हाडीनं तोडली आणि सवाशाचा मान गेला. निघताना साळ्यानं ती सुरी माझ्या पिशवीत टाकली. वांगी चिरायला तरी जमेल, म्हणाला. महिन्याभरात ही गोष्ट आमच्या गावी पोचली. विहिरीवर बायका माझ्या बायकोला विचारू लागल्या, तुझ्या मालकाचा हात कसा आहे?

मी ठरवलं, माझा हात बरोबर होता हे सिद्ध करायचं, आणि तेही साळ्याच्याच गावात. त्याच लोहाराकडून त्याच मापाची दुसरी सुरी आणली. ही वाकली तर लोहाराचा माल खोटा आणि त्या मालाची फुशारकी मारणारा साळा त्याहून खोटा, असा माझा हिशोब होता.

आधी पातं कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिलीनं रेघ आखली. मग घरापुढच्या सपरीत बसून परीक्षा सुरू केली. ओला बांबू तोडला, वाळलेला भरीव बांबू फोडला. पाठीवर लाकडी मोगरी मारून पातं मोहाच्या ओंडक्यात उतरवलं. टोक उंबरठ्यात रोवून मुठीवर सगळा भार टाकला. चिंचेच्या पाण्यात भिजत ठेवली. शेवटी जांभळाची तितकीच जाड फांदी आणून पुन्हा पुन्हा घाव घातले. पातं रेघेवर ठेवून पाहिलं, तर केसाचा फरक नव्हता.

मला घाम फुटला. सुरी खरी, म्हणजे मनगट खोटं.

बायको चुलीपाशी तांदूळ निवडत होती. माझा चेहरा पाहून तिला दया आली असावी. ती म्हणाली, "एवढं काय मनाले लावून घेता? दादाची सुरी तशी जुनी झाली होती. लग्नाच्या आधी पांढऱ्या बैलाले डाग देल्ला न त्यानं त्याच सुरीनं." बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली.

बैलाचा खांदा सुजला की तापल्या लोखंडाचा चटका देतात, ही आमच्याकडची जुनी रीत. पण त्यासाठी मोडका विळा घ्यावा. चांगली सुरी लाल केली की तिचं पाणी उतरतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी नवी सुरी चुलीत लाल केली, भुईवर आपोआप निवू दिली, राखेनं घासून धार लावली आणि जांभळावर चालवली. तिसऱ्या घावाला धार दुमडली. अगदी तशीच. मी मोठ्यानं हसलो.

"दादाच्या ध्यानात नसंन," बायको म्हणाली.

"अन् लग्नाआधी त्यानं राखेनं सुरीचं काळं घासून काढलं, तवाही नाई?"

तिनं हात जोडले, आता हे इथंच सोडा म्हणाली. मी सोडलं नाही.

पोळ्याला आपली बैलजोडी शेजाऱ्याच्या हवाली केली आणि न बोलावता सासुरवाडी गाठली. बायको सोबत होती. तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या राहिल्या. झडत्या, म्हणजे पोळ्याची जोडगाणी, सुरू झाल्या. त्या दिवशी झडतीत कोणाचंही उणंदुणं गावं आणि ऐकणाऱ्यानं रागावू नये, असा रिवाज आहे. मी त्याचीच वाट पाहत होतो. पुढं होऊन म्हटलं:

"बैलाले देल्ला डाग, सुरीचं गेलं पानी,
साळ्याच्या करणीची, भाटव्यावर कहानी!"

"हर बोला, हर हर महादेव!" सवयीनं सगळा गाव ओरडला. मी पांढऱ्या बैलाची झूल उचलली, पिशवीतून साळ्याची ती दुमडलेली सुरी काढली आणि तिचं पातं खांद्यावरच्या व्रणाशेजारी धरलं. रुंदी तीच, टोकाचा बाकही तोच. लोक वाकून वाकून पाहू लागले. लग्नात जे हसले होते तेच आता साळ्याकडं पाहून हसत होते. सासरे तेवढे खाली बघत होते.

साळा हळूच म्हणाला, "भाटवे, घरी बोलू."

"मांडवात बोलले, तवा घर दूर होतं काय?" मी विचारलं.

रिवाजामुळं त्याला रागावताही येईना. बैलाची दोरी धरून तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या जोडीचा नंबर येऊन गेला तरी हलला नाही.

बायको माझ्यासोबत परत आली नाही. चार दिवस माहेरी राहीन, म्हणाली. दिवाळी आली तरी तिथंच होती. तोवर माझा भात मीच शिजवला. रोज करपायचा. पोटभर जेवायचो.