गावपळणीतला ग्राफ

"इथे कोणीतरी हात घातलाय," व्हिडिओ कॉलवर ग्राफ उघडताच इंग्रिड म्हणाली.

इंग्रिड युरोपातल्या एका विद्यापीठात भूजलतज्ज्ञ. मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात विहिरी खाऱ्या का होतात, हे शोधण्याचा तिचा आणि आमच्या पुण्याच्या संस्थेचा संयुक्त प्रकल्प होता. विहिरींत लॉगर सोडले होते. लॉगर म्हणजे पाण्याची पातळी आणि खारटपणा आपोआप टिपणारी नळी. गावाच्या मते दोष खाडीच्या फुटक्या बांधाचा. दुरुस्तीची मंजुरी आमच्या अहवालावर अडली होती.

पहिला लॉगर काढला तो प्रभाकर परबांच्या विहिरीतला. पाऊस नसताना तिचं पाणी तीन दिवस गोडं होत गेलं होतं. मग पुन्हा खारं.

"नळी काढून बादलीत ठेवली असेल," इंग्रिड म्हणाली. "खुलासा मिळाला नाही, तर हे गाव वगळावं लागेल."

मलाही तसंच वाटलं. परब जमीन रिसॉर्टवाल्याला विकणार, असं कानावर होतं. गोड्या पाण्याच्या जमिनीला भाव येतो.

परब पडवीत सुपारी कातरत होते.

"लॉगरला कोणी हात लावला?"

"कोण लावतलो? गावात माणूसच नाय होतो."

"अख्खं गाव गेलं कुठे?"

"वेशीभायर. गावपळण होती मां. पुण्यात तुमका कोणी सांगूक नाय?"

देवाचा कौल मिळाला की सगळं गाव गुराढोरांसकट काही दिवस वेशीबाहेर राहायला जातं. ती गावपळण. हे मी ऐकून होतो. तरी परबांवर विश्वास बसला नाही. उरलेले लॉगर काढले. सगळ्यांत गावपळणीचे तेच तीन दिवस, तोच उतार.

माणसं नाहीत म्हणून पंप बंद होते. उपसा थांबल्यावर गोडं पाणी साठलं, खारं मागे हटलं. प्रयोगासाठी गावातले सगळे पंप एकदम बंद ठेवा, असं सांगण्याची आमची हिंमत झाली नसती. इंग्रिडने शंका मागे घेतली. गाव प्रकल्पात राहिलं.

अहवाल मी ग्रामपंचायतीत वाचून दाखवला. बांध गळतो, पण मुख्य कारण पंपांचा उपसा. बांधाची दुरुस्ती मागे पडली.

"म्हंजे चोर आमी सगळेच?" मागून परबांनी विचारलं.

"चोर असं नाही..."

"मगे माझ्या एकट्यार कित्याक होतो संशय?"

लोक हसले. मी कागद आवरले.

हल्ली लॉगर सोडण्याआधी मी देवळात चौकशी करतो. कौल कधी होईल, ते तिथेही कोणी सांगत नाही.