मामाजींची डीपी

डीपीशिवाय माणूस सुखाने जगू शकतो, हे मी माझ्या सासऱ्यांना दोन दिवस फोनवरून समजावत होतो.

मी प्रताप नगरात राहतो, शाळेत इंग्रजी शिकवतो. इंग्रजीची तुटकी अक्षरं तोंडात घोळवणाऱ्या लोकांची मला कीव येते. मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, नरखेडकडे संत्र्याची बाग. ऐन मे महिन्यात त्यांचा फोन आला.

"जावईबापू, आमची डीपी गेली न जी. पाहा बरं काही होते का."

डीपी म्हणजे मोबाइलवर ठेवतात तो आपला फोटो. (शब्द पुल्लिंगी. पण सत्तरीतल्या माणसाला व्याकरण कोण शिकवणार!) कशी गेली, हे विचारण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. बघतो म्हणालो आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी कळलं की आजूबाजूच्या आठ जणांचीही गेली आहे. म्हाताऱ्यांना हे काय खूळ लागलं, असं मनात म्हणत मी त्यांची समजूत घातली, की कितीतरी लोक बिनाडीपीचे राहतात, मनाला लावून घेऊ नका.

मामाजी म्हणाले, "अन् झाडं?"

"झाडांचा ठेवा ना. छान दिसतो."

तिसऱ्या दिवशीही मी हेच ऐकवलं, तेव्हा त्यांनी लेकीला फोन लावला. बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही बाबांले काय सांगितलं?"

मी अभिमानाने सगळं सांगितलं. मग तिने मला एखाद्या ढ विद्यार्थ्यासारखं शिकवलं: विहिरीवरच्या पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला अख्खा जिल्हा डीपी म्हणतो. ती जळाली होती. पंप तीन दिवस बंद होते. आमच्या वरच्या मजल्यावर वीज खात्याचे इंजिनियर राहतात, म्हणून बाबांनी माझ्याकडे शब्द टाकला होता.

मी जिना चढून गेलो. इंजिनियरसाहेबांनी दोन फोन केले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नवी डीपी बसली.

रविवारी आम्ही बागेत गेलो. झाडांखाली पाण्यावाचून गळालेल्या गोटीएवढ्या संत्र्यांचा सडा पडला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण मामाजींनी हाताने थांबवलं आणि जेवायला बसवलं. वाढता वाढता बायको पुन्हा सुरू झाली, तसे ते तिला हळूच म्हणाले, "जाऊ दे वं. शिकलेले आहेत ते. त्यायचा काय दोष?"

मी मान खाली घातली आणि आणखी थोडं वरण मागितलं.