डॉक्टरांच्या गाडीतला कॅच कॅन

"इंजिन बंद करा. गाडी बाजूला घ्या आणि दोघंही खाली उतरा," मी फोनवर सांगत होतो.

पलीकडे डॉक्टर होते. हाडांचे डॉक्टर, वर्ध्यात त्यांचा दवाखाना आहे. सोबत त्यांचे वडील. आष्टीला भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, आणि रोहणा गावाच्या अलीकडे बोनेटमधून धूर यायला लागला होता.

"हळूहळू नेतो ना राजूभाऊ. तिकडे पाहुणे वाट पाहून राह्यले."

"धूर येते म्हणता अन् हळूहळू नेता? तेल गरम टर्बोवर पडत असन तं पेट घेईन ते. उतरा खाली. बोनेट उघडू नका. बाबूजींले सावलीत बसवा, गाडीपासून लांब."

बाबूजींच्या बाजूचं दार लागल्याचा आवाज आला आणि डॉक्टर आतूनच शांतपणे म्हणाले, "कालच तुम्ही तो डबा लावला. याच्या आधी या गाडीनं कधी धूर नाई सोडला."

निघालो म्हटलं आणि व्हॅनमध्ये अवजारं टाकली.

वर्ध्याला लागूनच, बोरगाव मेघ्याला माझं छोटंसं गॅरेज आहे. डॉक्टरांची गाडी म्हणजे दोन दारांची, टर्बोवाली स्पोर्ट्स कार, पुण्याहून सेकंडहॅन्ड आणलेली. अशी गाडी गॅरेजमध्ये उभी असली की येणारा-जाणारा थांबून पाहतो. मी जात्याच काळजीखोर माणूस. पुलगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा माझ्या नावाचं काय होईल हा विचार आला, नाही असं नाही. पण खरी भीती वेगळी होती. डॉक्टर घाईचा माणूस. जरा पुढे नेऊन पाहू म्हणून परत स्टार्टर मारतील आणि म्हातारा आत बसलेला असेल. फोन लावला, उचलला नाही. परत लावला, तरी नाही.

कॅच कॅन म्हणजे काय ते सांगतो. इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा थोडा गॅस पिस्टनच्या कडेनं खाली झिरपतो. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, दाब जास्त, म्हणून झिरपणंही जास्त. हा गॅस खालच्या तेलाची वाफ सोबत घेतो आणि कंपनीनं दिलेल्या नळीतून परत इंजिनच्या तोंडात जातो. तिथे वर्षानुवर्षं काळा चिकट थर बसत राहतो. कॅच कॅन हा त्या नळीच्या मध्ये बसवायचा डबा. एका नळीनं वाफ आत येते, तेल डब्यात खाली साचतं, हवा दुसऱ्या नळीनं पुढे जाते. चहाच्या गाळणीसारखं काम. फक्त एक ध्यानात ठेवायचं, वाट बंद पडता कामा नये. वाट तुंबली की इंजिनच्या पोटात दाब साचतो आणि जिथे कच्चं सापडेल तिथून तेल बाहेर फेकतो. तेल अडवणारं सील फुटलं तर इंजिन उतरवावं लागतं.

काम सोपं आहे. सोप्या कामाचंच मला जास्त टेन्शन येतं. गाडी चालवता चालवता मी कालचं सगळं काम मनात परत केलं. नळी तेलाला टिकणारी होती? होती. क्लिप आवळल्या? आवळल्या. एका बाजूनंच हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह उलटा तर नाही बसला? त्याच्यावरचा बाण मी दोनदा पाहिला होता. पाहिला होता ना? पाहिल्याचं आठवत होतं, पण बाण कुठल्या दिशेला होता ते काही केल्या डोळ्यांसमोर येईना.

पोहोचलो तेव्हा गाडी कडेला उभी होती, धूर थांबलेला. डॉक्टर रस्त्यावर येरझारा घालत होते. बाबूजी निंबाखाली बसले होते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. सरकारी खात्यात जीपवर ड्रायव्हर होते, रिटायर झाले. मुलाला त्याच नोकरीवर डॉक्टर केलं.

"फोन काऊन नाई उचलला?" मी विचारलं.

"गाडीत राह्यला. तुम्हीच म्हणाले, जवळ जाऊ नका."

मी बोनेटवर हात ठेवून पाहिला, मग हळूच उघडलं. तेल मोजायची दांडी, डिपस्टिक, आपल्या जागेवरून वर उचलली गेली होती. तिच्याभोवती तेल उडालेलं, टर्बोच्या पत्र्यावर जळालेलं. आणि माझा नवीन कॅच कॅन दिसतच नव्हता. त्याच्यावर एक दुपट्टा गुंडाळलेला होता, वाळून कडक झालेला. वरून सुतळी. जीपच्या टपावर सामान बांधतात तशी पिळून मारलेली पक्की गाठ. त्या एकाच गाठीत दोन्ही नळ्या आवळल्या गेल्या होत्या. गरम झाल्यावर त्या पार चपट्या झाल्या होत्या.

खरं सांगतो, मला आनंद झाला. समोर दुसऱ्याचं इंजिन तेलानं माखलेलं आणि मी मनात म्हणतोय, चला, चूक माझी नाही.

"हे कोणं बांधलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्या बांधलं," बाबूजी उठत म्हणाले. "सकाळी तू आंघोळीले गेलता तेव्हा. डबा नवीन दिसला. उन्हाळ्यात आम्ही जीपच्या पेट्रोल पंपाले ओला दुपट्टा बांधत होतो. नाई बांधला तं पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे."

"बाबा, ते जीप होती. तुम्हाले कोणं सांगतलं हात लावाले? आग लागली असती."

बाबूजी परत निंबाखाली जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. मघाचा माझा आनंद तिथेच विरला. जुन्या जीपमध्ये त्यांचं बरोबरच होतं. मला काम शिकवणारे वस्तादही तेच करायचे.

गाठ कापली. नळ्या परत फुगल्या नाहीत, म्हणून सोबतच्या नवीन टाकल्या. व्हॉल्व्हचा बाण पाहिला, बरोबर होता. तेल पुसलं, कमी झालेलं भरलं. आता वाट मोकळी झाली का आणि सील वाचलं का, एवढंच कळायचं होतं. इंजिन चालू केलं आणि तेलाचं झाकण काढून त्या तोंडावर प्लास्टिकच्या पन्नीचा तुकडा ठेवला. आतून हवा बाहेर फेकली तर पन्नी उडते, म्हणजे वाट अजून बंद. आत ओढली तर वाट मोकळी. पन्नी थरथरली. मग अलगद आत ओढली जाऊन चिकटली. मी खाली आडवा होऊन पाहिलं. नवीन थेंब नव्हता, म्हणजे सील वाचलं.

"चाला बाबा," डॉक्टर म्हणाले.

"तू जाय. मी येतो बसनं."

डॉक्टर हात जोडायच्या बेतात आले, तरी म्हातारा ऐकेना. शेवटी मी म्हटलं, "बाबूजी, मी आष्टीपर्यंत मागून येतोच आहे. धूर येतो का पाहाले दोन डोळे अजून पाहिजेत. बसा माझ्या व्हॅनमध्ये."

बसले. आर्वीपर्यंत आम्ही दोघं समोरच्या गाडीवरची नजर काढत नव्हतो. खड्ड्यातून धूळ उडाली तरी ते माझा हात धरत. "धूर तं नाई ना?"

"धूळ आहे बाबूजी."

आर्वी मागे पडली तेव्हा म्हणाले, "त्याले कधीबी दवाखान्यातून फोन येते. एकटाच निंगते. गाडी मधातच बंद पडली तं कोण आहे त्याच्यासंगं? म्हणून बांधला मी. आन मीच जाळत होतो त्याले."

मग मी त्यांना कॅच कॅन समजावला. वाफ कुठून येते, तेल कुठे साचतं, डबा कधी रिकामा करायचा, सगळं. काल डॉक्टरांना हेच सांगत होतो तेव्हा ते मोबाईल पाहत होते. आणि आज सकाळी बोनेट ज्यांनी उघडलं, त्यांना मी काल एक शब्द सांगितला नव्हता.

आष्टीला मंडपाबाहेर मी डिपस्टिक काढून दाखवली. सगळं ठीक होतं. तरी बाबूजी त्या पांढऱ्या शर्टानिशी वाकले, गाडीखाली हात घालून जमीन चाचपली आणि बोटं मुलासमोर धरली. "कोरडं आहे. जाजो बिनधास्त." डॉक्टरांनी ती बोटं आपल्या रुमालानं पुसली आणि त्यांना धरून आत नेलं.

आता गाडी देताना मी आधी विचारतो, घरी बोनेट कोण उघडते? किल्ली मालकाला देतो. नवीन पार्ट काय आहे ते मात्र बोनेट उघडणाऱ्या माणसाला बोलावून सांगतो. तो येईस्तोवर गाडी सोडत नाही.