हाताला हात लागू नये म्हणून

माहेरी आम्ही सगळे एकमेकांच्या अंगाखांद्यावर वावरणारे. वडील कचेरीतून आले की आधी माझ्या डोक्यात टपली मारायचे, मग चपला काढायचे. लग्न होऊन तीर्थपुरीजवळच्या शेतकरी घरात गेले. जिल्हा तोच, पण तिथले कायदे निराळे निघाले.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. घरात शिरण्याआधी ते बाहेरूनच खाकरायचे, मी पदर ओढून बाजूला व्हायचे. पाणी त्यांच्या हातात द्यायचं नाही. तांब्या खाली ठेवायचा, मागे सरायचं, मग ते उचलणार. माझ्याशी काही बोलायचं असलं तर ते सासूबाईंना सांगायचे, मी समोर असले तरी. हे मानापोटी असतं, असं मला समजावलं जायचं. मला तो मान झोंबायचा. मी काय विंचू आहे का, असं एकदा नवऱ्याला विचारलं. तो नुसता हसला, त्याचा जास्तच राग आला.

मग मामांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी जालन्यात बँकेत होते, खोली तिथेच होती. नवरा अंकुशनगरला साखर कारखान्यात, सुट्टीपुरता यायचा. सासूबाईंना म्हशी टाकून येता येईना. मामांनी बजावलं होतं की उसाचा सीझन चालू आहे, पोराला बोलवायचं नाही. राहिले मी. रजा टाकली आणि त्यांना दवाखान्यातून खोलीवर आणलं.

त्यांच्या दुसऱ्या डोळ्यात जुनं फूल पडलेलं होतं, त्यामुळे पट्टी बांधल्यावर सगळाच अंधार. वाकायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही, नाहीतर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. मी सवयीनं चहा स्टुलावर ठेवला आणि मागे सरले. मामांनी चाचपडत हात पुढे केला आणि कप धोतरावर कलंडला. हा सगळा रिवाज डोळसांसाठी होता, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मामा चहा नको म्हणाले, मग पाणीही नको. माझ्या लक्षात आलं, पोटात कमी गेलं की उठावं कमी लागेल, म्हणजे सुनेचा हात धरायची वेळ येणार नाही. मी मनातून चिडले. आणि घाबरलेही होते. डोळा गेला असता तर नोकरीवाल्या सुनेनं म्हाताऱ्याला आंधळं केलं, असं गावभर झालं असतं.

दुपारी मी भाकरी थापत होते. मामा न सांगता उठले आणि भिंत धरून मोरीकडे निघाले. पाय बादलीला अडला, तोल गेला. मी पिठाच्या हातानं धावले आणि त्यांचं मनगट पकडलं. ते हात सोडवून घ्यायला लागले.

“सोडणार नाही,” मी म्हणाले. “डोळा गेला तर तुमच्या मानाचं मी काय करू, मामा?”

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी अशी कधी बोलले नव्हते. हाताची ओढ थांबली.

“तुला ताप हाय,” ते म्हणाले.

खरंच होता. सकाळपासून कणकण होती, पण त्यांच्या धावपळीत मीच तिकडे बघितलं नव्हतं. मला रडू आलं. ते मी त्यांना ऐकू जाऊ दिलं नाही. ते माझा हात धरून मोरीपर्यंत गेले, तसेच परत आले आणि खाटेवर बसल्या बसल्या घरमालकांना हाक मारली. कारखान्यात फोन लावा, पोराला जल्दी यायला सांगा, एवढंच म्हणाले.

नवरा संध्याकाळच्या एस.टी.नं आला. बापाचा डोळाच गेला, अशी त्याची समजूत झालेली. मामांनी सांगितलं की डोळा ठीक आहे, पोरगी तापली. तो माझ्यापासून चार हात लांबच उभा राहिला. त्यांच्या घरात वडिलांसमोर कोणी बायकोला हात लावत नाही. गोळी घेतलीस का, असं त्यानं तिथूनच विचारलं, तेही भिंतीकडे बघत.

मामा ऐकत होते. ते म्हणाले, “हात लावून पाह्य ना किती तापली ते. मला कुठं दिसून राह्यलंय?”