शांतवनमामाचं 'व्हय'

आमच्या हिंगोलीच्या मंडळीत मोजकीच ख्रिस्ती घरं. रविवारची उपासना झाली की चहा, आणि चहाबरोबर शांतवनमामाचा किस्सा, हे ठरलेलं. एक संपेपर्यंत दुसरा तयार! सगळे हसतात. मला मात्र संताप येतो. तो माझा सख्खा मामा, आणि त्याचा गुन्हा एवढाच, की तो शपथ घेत नाही. कशाचीच नाही! प्रभूने शपथ वाहू नका म्हटलंय ना? मग व्हय म्हणजे व्हय, न्हाई म्हणजे न्हाई. विषय संपला.

*

सुरुवात त्याच्या लग्नापासून. पाळकांनी विचारलं, "सुखात, दुःखात, आजारपणात एकनिष्ठ राहशील?"

मामा म्हणाला, "व्हय."

"अहो, पूर्ण वाक्य म्हणायचं असतं."

"काहून? व्हय म्हणलं की!"

मामी अजून म्हणते, तेव्हाच उठून जायला पाहिजे होतं.

*

मामीने एकदा हट्ट धरला. "माझ्या गळ्याची शपथ घ्या, तंबाखू सोडतो म्हणून."

"शपथ घेत न्हाई."

"बरं, नुसतं व्हय तरी म्हणा!"

मामाने तंबाखूची पुडी खिशात सारली. मग म्हणाला, "बघतो."

मामीने कपाळावर हात मारला. जे आपल्याच्यानं होणार नाही, त्याला मामा 'बघतो' म्हणतो, हे तिला पक्कं ठाऊक. तंबाखू अजून चालू आहे.

*

एका जीपच्या अपघातात मामा साक्षीदार होता. कोर्टात त्याच्या आधी साक्षीला उभ्या राहिलेल्या गड्याने देवाची खणखणीत शपथ घेतली आणि सांगितलं, "मी त्या दिवशी गावातच नव्हतो." अरे, जखमींना उचलताना आमच्या मामाच्या शेजारी हाच तर होता! त्याला कोणी हटकलं नाही. मामाने शपथ नको म्हटल्यावर मात्र वकील उखडला.

"देवावर विश्वास नाही का तुमचा?"

"हाय ना सायेब. म्हणून तर त्याला कोर्टात वढत न्हाई."

जज्जसाहेबांनी 'खरं सांगेन' एवढंच म्हणवून घेतलं.

*

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. औंढ्याकडच्या एका गावात मामा नळाला पाणी सोडायचा. पंचायतीच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. तिथली किल्ली दोघांकडेच, मामाकडे आणि सरपंचांच्या मेहुण्याकडे. सरपंच म्हणाले, "देवळात या, बेलभंडारा उचला." म्हणजे बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन म्हणायचं, चोरी मी केली नाही.

मेहुण्याने दोन्ही हातांनी उचलला!

मामा म्हणाला, "मोटर म्या नेली न्हाई. शपथ घेत न्हाई."

झालं! मामा चोर ठरला. काम गेलं. हापशावर मामी आली की बाया बाजूला सरकायच्या.

आणि आमच्या मंडळीतले शहाणे! म्हणे, "उचलायचं की पान! मनात प्रभूचं नाव घ्यायचं!"

मामा म्हणाला, "म्हंजे त्यायच्या देवालाबी फसवू अन् माझ्याबी?"

 सगळ्यांनी चहाचे कप तोंडाला लावले. माझ्या तोंडाशी आलेलं मी कसं गिळलं, माझं मला माहीत.

*

मोटर सापडली. मेहुण्याच्याच विहिरीवर, नवा रंग फासलेली! तोवर नव्या माणसाने पाण्याचा पार घोळ घातला होता. एक दिवस सरपंच मामाच्या दारात. मी तिथेच होते.

"शांतवन, चूक झाली. कामावर ये. लेकरायची शपथ, म्हणशील तर बेलभंडारा उचलतो, पुन्हा तुझ्यावर संशय घेणार न्हाई."

"शपथ कशाला सायेब?" मामा म्हणाला. "उद्या पुन्हा एका बाजूला तुमचा मेहुणा अन् एका बाजूला मी, असं झालं, तर माझ्या नुसत्या शब्दावर इश्वास ठेवताल? व्हय म्हणा. सकाळीच येतो."

सरपंचांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मामीने चहा आणला. त्यांनी तो सावकाश संपवला, कप खाली ठेवला, चपला पायात घातल्या.

"बघतो," म्हणाले.