गाडी ढकलायला लावणारा करंटभाऊ

करंटभाऊ बॅटरीशी बोलायचा. नागभीडच्या स्टेशनाजवळ त्याचं बॅटऱ्या चार्ज करून द्यायचं दुकान होतं. सकाळी फळ्या काढल्या की तो एकेका बॅटरीचं बूच उघडून आत डोकवायचा. "काऊन वं, तहान लागली का?" असं विचारून पाणी घालायचा. समोर गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी आधी बॅटरी, मग माणूस. त्याचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावानं हाक मारली तर तो वळूनही बघत नसे.

मी जंगलातून लाकूड वाहायचो. ट्रक माझा स्वतःचा, मागं ट्रेलर. शाळा दुसरीत सुटली, पण गाडी कोणाकडून शिकावी लागली नाही. ऐंशीनंतरचे ते दिवस, रस्ते म्हणजे नुसते खड्डे. तरी माझी गाडी कधी कोणी ढकलली नव्हती. हे मी न विचारताही सांगायचो. करंटभाऊ हसायचा. "ढकलली तं काय होते? माणसं आहेत ना!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. छप्पर उडालं, माणसं आहेत ना. पीठ संपलं, माणसं आहेत ना. मला त्या वाक्याचा राग यायचा. माणसांच्या जिवावर गाडी चालवायची तर डिझेल कशाला भरायचं?

दुसरी गोष्ट जोडीची. जुनी बॅटरी नव्या बॅटरीला तो जोडू देत नसे. "पटात म्हाताऱ्या बैलासंगं गोऱ्हा जुपशील का? गोऱ्हाबी मरते अन् पटबी जाते." शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बघायला तो दुकान बंद करून जायचा, म्हणून बॅटरीतही त्याला बैलच दिसायचे.

त्याच्या विधवा बहिणीचं गाव एटापल्लीच्या पलीकडं. तिथं वीज नव्हती. भाचीचं लग्न ठरलं ते चंद्रपूरच्या पोरासोबत. सोयरीक झाली तेव्हा नवरदेवाचा काका बोलून गेला, "कंदिलाच्या उजेडात नवरी दिसन का आमाले?" बहीण खाली मान घालून बसली. करंटभाऊ उठून म्हणाला, "ट्यूबलाइट लावतो. अन् जनरेटरबी नाई आणत. बुद्धवंदनेचा शब्द न् शब्द ऐकू आला पायजे."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. हातात ड्रिल.

"गाडीले भोक पाडा लागते, भाऊ."

"हात लावून पाय!"

"बिस्किटाच्या डब्यात इन्व्हर्टर बसवला मी. ट्रेलरमंदी चार बॅटऱ्या ठेवतो. तुही गाडी चालंन तशा त्या चार्ज होतीन. वायर न्यायले भोक पायजे ना!"

मी सकाळभर नाही म्हणत राहिलो. तो पायरीवर बसून माझ्या बायकोचा चहा पीत राहिला. शेवटी बायकोच म्हणाली, "पाडू द्या एक भोक, नाईतर साखर संपते." भोक पडलं. मी बघितलं नाही.

लग्नाच्या दुपारी आम्ही पोचलो. ट्रेलरलाच मांडव केला, बाजूनं ट्यूब बांधल्या. करंटभाऊनं बटण दाबलं आणि भुंग्यासारखा बारीक आवाज करत उजेड पडला. पोरं नाचली. मग करंटभाऊ स्वयंपाकाचं बघायला गेला आणि इकडं नवरदेवाच्या काकांना उकडायला लागलं. त्यांनी आहेरातला टेबलफॅन काढून जोडला आणि ट्रेलरमध्ये ताणून दिली. बहिणीला कळत होतं, मलाही कळत होतं. पण वरपक्षाच्या माणसाला उठवणार कोण?

दिवस मावळला. पांढऱ्या लुगड्यातली भाची येऊन बसली. करंटभाऊनं बटण दाबलं. ट्यूब नुसती लाल डोळे करून विझली. चारही बॅटऱ्या काकांच्या झोपेत गेल्या होत्या. काका म्हणाले, "आणा आता कंदील."

बहिणीचं तोंड बघवेना. करंटभाऊ माझ्याजवळ आला.

"तुह्या गाडीची बॅटरी दे, भाऊ."

"इंजिन चालू करतो की."

"वंदना ऐकू येन का मंग? अन् डिझेल?"

डिझेल परतीपुरतंच होतं. "अन् सकाळी गाडी कशी निंघन?" मी विचारलं.

 तो काय म्हणणार ते मला माहीत होतं. मी भाचीकडं पाहिलं आणि पाना काढला. जुन्या चार त्यानं सोडवल्या, माझी एकटीच जोडली. उजेड पडला. वंदना सुरू झाली तेव्हा भाचीच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. काका सगळ्यांच्या पुढं हात जोडून बसले.

सकाळी ट्रेलर सोडला आणि अख्ख्या वऱ्हाडानं माझी गाडी ढकलली. काका कोट काढून मधोमध. गाडी धूर सोडून निघाली तसा करंटभाऊ मागून ओरडला, "पायलं का, भाऊ!" मी आरसा दुसरीकडं फिरवला. इन्व्हर्टरचा डबा मात्र तो बहिणीकडंच ठेवून आला. "उजेड का वापस नेतेत?" म्हणाला.

पुढं काही वर्षांनी तो छातीत दुखून चंद्रपूरच्या दवाखान्यात गेला आणि तिथंच संपला. नागभीडला न्यायला माझीच गाडी होती. भाची आली, जावई आला, काठी टेकत काका आले. सगळे मागं चढू लागले. मी किल्लीला हात लावला. बॅटरी नवी होती, एका दमात गाडी सुरू झाली असती.

मी हात मागं घेतला, खाली उतरलो आणि म्हणालो, "ढकला."

काकांनी काठी बाजूला ठेवली.